दादा आणि दोडका

मराठीत थोरल्या भावाला दादा म्हणतात आणि गल्लीतल्या गुंडालाही दादाच म्हणतात. हा घोळ कुणी घालून ठेवला ते भाषेच्या जाणकारांनी शोधावं. मला एवढंच ठाऊक आहे, की १९८८ सालच्या पावसाळ्यात मी स्वतः एक दादा होतो आणि रोज मधल्या सुट्टीत दुसऱ्या एका दादाच्या टपल्या खात होतो. मला दादा म्हणणारा माणूस जगात एकच, माझा धाकटा भाऊ. तोही आईनं डोळे वटारले तरच म्हणायचा. शाळेतल्या दादाला दादा म्हणा, असं मात्र कुणाला सांगावं लागत नव्हतं.

गाव सातारा. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी हे गाव असं उतारावर वसलंय, की सायकल काढली तर जाताना ती आपल्याला नेते आणि येताना आपण तिला आणतो. मी नववीत होतो, पंधरावं लागलं होतं. धाकटा सातवीत, त्याला तेरावं. उंचीला तो माझ्यापेक्षा चार बोटं कमी, पण रुंदीला दीडपट. त्यामुळे थोरल्याचे कपडे धाकट्यानं वापरायचे ही प्रत्येक मध्यमवर्गीय घरातली राज्यघटना आमच्याकडे लागू पडत नव्हती. माझा शर्ट त्याच्या अंगात शिरायचा, पण गुंड्यांची आणि काजांची भेट व्हायची नाही.

मला चौथीपासून चष्मा. त्यामुळे शाळेत माझं नाव ढापण्या. हे नाव दादानं ठेवलेलं नव्हतं. ते चष्म्याबरोबर दुकानातूनच मिळतं, डबीसारखं. दादाचं नववीत दुसरं वर्ष चालू होतं. आमच्या वर्गात ज्याला खरीखुरी मिशी होती असा तो एकटाच विद्यार्थी, आणि ती मिशी काही शिक्षकांपेक्षाही बरी होती. त्याची पद्धत साधी होती. मधली सुट्टी झाली की माझ्या बाकापाशी यायचं, उजव्या हातानं डोक्यात टपली द्यायची आणि डाव्या हातानं डब्याचं झाकण काढायचं. दोन्ही कामं एकाच वेळी, तबलजीचे हात चालावेत तशी. मग डब्यात वाकून विचारायचं, "काय हाय रं आज, ढापण्या?"

शेंगदाण्याची चटणी असली की तो खूश असे. बटाट्याची भाजी तो शेवटच्या मोहरीपर्यंत संपवायचा. गुरुवारी आमच्याकडे उपास, म्हणून साबुदाण्याची खिचडी. त्या दिवशी तो मित्रांनाही बोलवायचा. चपात्या तेवढ्या माझ्यासाठी ठेवायचा. त्याला निर्दय म्हणता येणार नाही. कोरडी चपाती पाण्याबरोबर बरी लागते, हे मी त्या वर्षी शिकलो.

जुलैमधल्या एका दिवशी त्यानं झाकण काढलं आणि आत दोडका निघाला. दादा थबकला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, परत डब्याकडे पाहिलं. मग झाकण घेतलं, नीट बसवलं, वरून दाबलं, आणि टपलीसुद्धा न मारता निघून गेला. जाताना त्याच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी आजपर्यंत दुसरं नाव देऊ शकलो नाही. ती सहानुभूती होती.

माणसाला शोध असेच लागतात. त्या दिवशी घरी गेल्या गेल्या मी आईला म्हणालो, "आई, दोडक्याची भाजी फार छान झाली होती. उद्यापण कर."

आईला काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा. पंधरा वर्षांचा मुलगा आपण होऊन दोडका मागतो! ती शेजारच्या काकूंना सांगून आली. काकूंनी आपल्या मुलांना सांगितलं, त्यामुळे आळीतली चार पोरं माझ्याशी बोलेनाशी झाली, तो भाग वेगळा. आमच्या घरी दोडक्याचं राज्य सुरू झालं. दोडका हरभऱ्याची डाळ घालून, दोडका दाण्याचं कूट लावून, भरला दोडका. आई काटकसरी, तिनं सोललेल्या शिराही वाया घालवल्या नाहीत; त्या तव्यावर कुरकुरीत भाजून तीळ घालून चटणी. आमचे आण्णा ताटावर बसताना नुसतं "आज काय, तेच का?" एवढं विचारून गप्प होत. आणि धाकटा, ज्याला दोडका नुसता दिसला तरी उमासे यायचे, तो माझ्याकडे असा बघायचा की शाळेतला दादा त्यापुढे संत वाटावा.

मराठीत आवडत्या मुलाला लाडका म्हणतात आणि नावडत्याला दोडका. बिचाऱ्या भाजीनं कुणाचं काय वाकडं केलं होतं माहीत नाही. आमच्या घरी मात्र या म्हणण्याला फार बारीक अर्थ आला. आईच्या लेखी मी लाडका झालो तो दोडक्यामुळे, आणि धाकटा दोडका झाला तोही दोडक्यामुळेच. "बघ, दादा कसा सगळ्या भाज्या खातो," असं ती त्याला रोज ऐकवायची. मी मान खाली घालून चपातीचा तुकडा मोडायचो. खोट्या कीर्तीनं घशात घास अडकतो, तो दोडक्याचा असला तर जास्तच.

तुम्ही म्हणाल, घरी सांगायचं होतंस सरळ. ज्यांनी हे म्हटलं ते एकतर कधी शाळेत गेले नसावेत, किंवा शाळेत ते स्वतःच दादा असावेत. घरी सांगितलं असतं तर आण्णा म्हणाले असते, "तूही ठेवून दे की एक." जगातले सगळे वडील हेच म्हणतात, आणि म्हणून झाल्यावर परत पेपर वाचायला लागतात. सरांना सांगितलं असतं तर सरांनी दादाला बाकावर उभं केलं असतं, दोन छड्या दिल्या असत्या, आणि मग दादानं मला तीन शब्दांचं ते वाक्य ऐकवलं असतं, "सुटल्यावर बाहेर भेट." हे वाक्य ज्यानं ऐकलंय त्याला माहीत आहे, की त्यानंतर शेवटच्या तासाला फळ्यावर काय लिहिलंय ते दिसत नाही. डोळ्यांना चष्मा असो वा नसो.

पुढं पुष्कळ वर्षांनी, माझी मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा, मी या विषयावर थोडं वाचलं. डॅन ओल्वेउस नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकापासून शाळेतल्या या छळाचा अभ्यास केला, आणि १९८३ मध्ये नॉर्वेनं देशभरच्या शाळांमधून त्याविरुद्ध मोहीम चालवली. म्हणजे साताऱ्यात मी टपल्या खात होतो तेव्हा तिकडे सरकार जागं होऊन पाच वर्षं झाली होती. ओल्वेउस यांनी तीन खुणा सांगितल्या आहेत. त्रास मुद्दाम दिलेला असला पाहिजे, पुन्हा पुन्हा दिलेला असला पाहिजे, आणि देणाऱ्याची नि घेणाऱ्याची ताकद असमान असली पाहिजे. मी वाचत वाचत मान हलवत गेलो. मुद्दाम? होय. पुन्हा पुन्हा? सुट्टीचे दिवस सोडून रोज. ताकद असमान? मिशीच बघा. पण पुस्तक मिटल्यावर माझ्या ध्यानात आलं, की या तिन्ही खुणा माझ्या धाकट्या भावालाही तंतोतंत लागू पडतात. तो माझं अंथरूण बळकावायचा, पेनातली शाई स्वतःच्या पेनात भरून घ्यायचा, कुस्ती खेळू म्हणून अंगावर बसायचा आणि आई हाक मारेपर्यंत उठायचा नाही. मुद्दाम, पुन्हा पुन्हा, आणि दीडपट रुंदीच्या जोरावर. मग एकाला आपण छळवादी म्हणायचं आणि दुसऱ्याला भाऊ, हे कशाच्या आधारावर? नॉर्वेच्या माणसाला हे विचारायला हवं होतं.

याचं उत्तर आमच्याकडे महाभारतात आहे. १९८८ मध्येच २ ऑक्टोबरला दूरदर्शनवर बी. आर. चोप्रांचं महाभारत सुरू झालं होतं आणि रविवारी सकाळी मोती चौकात कुत्रंसुद्धा दिसत नसे. पुढं मालिकेत मोठा भीम आला, ते प्रवीणकुमार. थाळीफेकीत १९६६ आणि १९७० च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळवलेला माणूस. धाकटा त्यांच्यासारखा छाती काढून घरभर फिरायचा. पण आदिपर्व नीट वाचलं तर हस्तिनापुराच्या शाळेतला खरा दादा कोण होता? भीमच. दहा-दहा कौरवांना कवेत धरून पाण्यात बुडी मारायची आणि ती पोरं अर्धमेली झाल्यावर सोडायची. ती फळं काढायला झाडावर चढली की बुंध्याला लाथ घालायची, म्हणजे फळं आणि भाऊ एकदमच खाली. दुर्योधनानं पुढं विष घातलं ते वाईटच केलं, त्याचं समर्थन नाही. पण त्याची मधली सुट्टी कशी जात असेल, याचा विचार कुणी करत नाही. मी करतो.

तर सांगत होतो ते वेगळंच. पुढं वनवासात एका गंधर्वानं दुर्योधनाला बांधून नेलं, तेव्हा भीमाला गुदगुल्या झाल्या. आपलं काम परस्पर झालं. धर्मराजानं त्याला गप्प केलं. आपसात ते शंभर आणि आपण पाच, पण बाहेरचा कुणी आला तर आपण एकशेपाच, असा त्याचा हिशेब. आणि मग ज्यांनी ज्यांना आयुष्यभर बुडवलं, ते त्यांनाच सोडवायला गेले. भावांचा कायदा तो हाच. माझ्या भावाला बुडवायचं तर मी बुडवीन. तू कोण?

आमच्या घरी हा कायदा लागू झाला तो कार्तिकात. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली होती. मंडईत त्या दिवशी बरा दोडका मिळाला नाही म्हणून आईनं बटाटा दिला, आणि नेमका त्याच दिवशी धाकटा मधल्या सुट्टीत आमच्या वर्गाच्या खिडकीशी आला. तो माझ्यावर पाळत ठेवून होता. सुदृढ मनाचा माणूस पाच महिने दोडका मागणार नाही, यामागं काहीतरी आहे, हे त्याच्या पोटानं ओळखलं होतं. त्यानं टपली पाहिली. बटाटा जाताना पाहिला. काही न बोलता गेला.

आम्ही दोघं एकाच वाकळीत झोपायचो. रात्री दिवा मालवल्यावर तो म्हणाला, "दादा."

अंधारात, आईनं डोळे न वटारता, तो मला दादा म्हणाला, तेव्हाच मी समजलो.

"काय?"

"तू दोडका त्याच्यामुळं मागतोस?"

"झोप."

"रोज मारतो?"

"मारत नाही. टपली मारतो."

"ते मारणंच असतं."

"दोडका असला की नाही मारत."

तो बराच वेळ गप्प होता. आमच्या आळीतून चौकीदार काठी आपटत गेला. मग धाकट्यानं वाकळ आपल्याकडे ओढली आणि म्हणाला, "म्हणजे तुझ्या टपल्या वाचाव्यात म्हणून पाच महिने दोडका मी खातोय?"

लोक भावाच्या प्रेमाबद्दल फार उदात्त लिहितात. मी साक्षीदार आहे म्हणून सांगतो, त्या रात्री त्याच्या आवाजात प्रेम मला तरी ऐकू आलं नाही. ऐकू आला तो पाच महिन्यांचा साठलेला संताप, आणि तो भाजीबद्दल होता.

पुढचा शनिवार. सकाळची शाळा. मैदानाच्या कडेला पाण्याच्या टाकीचे नळ होते, तिथं मी छोट्या सुट्टीत वाकून पाणी पीत होतो. मागून टपली आली. शनिवारी डबा नसतो, ही नुसती हजेरीची टपली. चष्मा नाकावरून सुटला आणि नळाखालच्या डबक्यात पडला. चष्म्यावाचून मला पाच हातांपलीकडचं जग पावसाळ्यातल्या यवतेश्वराच्या डोंगरासारखं दिसतं, म्हणजे नुसतं आहे एवढं कळतं. त्यामुळे पुढच्या प्रसंगाची सुरुवात मी पाहिलेली नाही, ऐकलेली आहे.

"दादाला हात लावायचा नाय!"

आवाज ओळखीचा होता, अजून फुटला नव्हता. क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग दादाच्या टोळीतल्या एकानं खरंच गोंधळून विचारलं, "कुठल्या दादाला?" त्याचं चुकलं नाही. गेल्या दोन वर्षांत त्यांच्या दादाला हात लावायची कुणाची छाती झाली नव्हती, त्यामुळे कोण लावतोय ते तो इकडं तिकडं बघत होता.

"माझ्या!"

मी डबक्यातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवेपर्यंत धाकटा जमिनीवर होता आणि त्याचे दोन्ही हात, दोन्ही पाय दादाच्या डाव्या पायाला विळखा घालून होते. इथं थोडं सांगायला हवं. सातारा जिल्हा म्हणजे खाशाबा जाधवांचा जिल्हा. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान १९५२ साली हेलसिंकीला गेला आणि कांस्यपदक घेऊन आला, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आमचे पी.टी.चे सर दर वर्षी ही गोष्ट सांगत आणि चणीनं लहान माणूस काय करू शकतो यावर येऊन थांबत. धाकट्यानं ती मनावर घेतली होती. शिवाय जत्रेच्या फडात त्यानं एकेरी पट पाहिला होता. एकेरी पटात समोरच्याचा एक पाय धरायचा असतो, मग तो उचलून त्याला फिरवायचा नि पाडायचा असतो. धाकट्याला पहिला अर्धाच डाव माहीत होता. त्यानं पाय धरला. पुढं काय करायचं ते न सुचल्यामुळं त्यानं तो धरूनच ठेवला.

दादा आधी हसला. मग त्यानं पाय झटकला. मग वरून धाकट्याच्या पाठीत एक बुक्की घातली, मग दुसरी. धाकट्यानं डोळे मिटून घेतले होते आणि गाल दादाच्या पँटला चिकटवला होता. दादा चालू लागला, तर एक पाय त्याचा आणि एका पायाला माझा भाऊ, असा तो चार पावलं घासत गेला. मैदानावरचे खडे धाकट्याच्या गुडघ्यांखाली वाजत होते, खाकी चड्डीची शिवण टर्रकन गेली ती मी होतो तिथून ऐकली. तानाजीनं सिंहगडावर यशवंती घोरपड लावली ही गोष्ट इतिहासाचे अभ्यासक खरी मानत नाहीत. मी मानतो. मी घोरपड पाहिलेली आहे.

आणि मी काय करत होतो? मी चष्मा पुसत होतो. शर्टाच्या टोकानं आधी डावी काच, मग उजवी, मग परत डावी. चष्मा माणसाला किती वेळ पुसता येतो याला काही मर्यादा आहेत, त्या मी त्या दिवशी ओलांडल्या. दादानं तिसरी बुक्की उगारली तेव्हा माझ्या तोंडून एक अक्षर निघालं, "ए." तेही बारीक. त्याचा परिणाम कुणावर झाला असेल असं मला वाटत नाही. इतिहासात नोंद व्हावी म्हणून सांगतो, की ते मी म्हटलं होतं.

मग घंटा झाली. पोरं पळाली, टोळीसुद्धा पळाली, कारण पुढचा तास गणिताच्या सरांचा होता आणि त्यांची छडी टोळीपेक्षा जुनी होती. मैदानावर आम्ही तिघंच उरलो.

"सोड रं," दादा म्हणाला.

"डबा घेणार नाय म्हण."

"सोड आधी. तास हाय."

"म्हण."

दादानं वर्गाकडे पाहिलं. "न्हाई घेत. सोड."

"टपली?"

"न्हाई मारत, म्हटलं की."

"डब्यात काहीपण असलं तरी?"

या प्रश्नाचा संदर्भ दादाला लागला नाही, पण सर जिन्याशी दिसायला लागले होते. "आईशप्पथ," तो म्हणाला. धाकट्यानं विळखा सोडला. दादा लंगडत, एका पायाला मुंग्या आलेल्या माणसासारखा पळाला. तशा त्या आल्याच असणार.

शाळा सुटल्यावर मी सायकल काढली. धाकटा कॅरिअरवर बसला. आमचा नियम असा होता, की चढ लागला की मागच्यानं उतरायचं आणि सायकल ढकलायची. हा नियम त्याच्या वजनामुळं केलेला होता. त्या दिवशी चढ लागला. मी काही म्हणालो नाही आणि तोही उतरला नाही. मी उभा राहून पायडल मारत राहिलो. मंगळवार तळ्यापासून घरापर्यंत सगळा चढ मी त्याला घेऊन चढवला, आणि वाटेत आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. दारात सायकल लावताना माझे पाय थरथरत होते. तो म्हणाला, "तुला दम लागतो फार."

आईनं त्याची चड्डी पाहिली, गुडघे पाहिले. "काय झालं?"

"सायकलवरून पडला," मी म्हणालो.

"झाडावरून पडलो," तो म्हणाला. एकाच वेळी.

आईनं आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं. "म्हणजे झाडावर सायकल चालवत होतास?" एवढं बोलून तिनं हळद आणली. पुढं काही विचारलं नाही. संध्याकाळी चड्डीला ठिगळ लावताना ती मधेच थांबून आमच्याकडे बघायची, तेवढंच.

आता या गोष्टीचा जो भाग मी कुणाला सांगत नाही तो. माझ्या टपल्या थांबल्या, पण त्या संपल्या नाहीत. त्या दुसरीकडे गेल्या. आमच्याच रांगेत पुढं एक मुलगा बसायचा, बोलताना अडखळायचा. सोमवारपासून दादा त्याच्या बाकापाशी थांबू लागला. त्याला धाकटा भाऊ नव्हता. वर्गात आम्ही पन्नास जण होतो आणि मधल्या सुट्टीत आमच्यापैकी पन्नासच्या पन्नास जणांना आपापल्या डब्यात बघण्यासारखं काहीतरी सापडायचं. मी तर सहा महिन्यांनी पहिल्यांदा दोडका नसलेली भाजी पोटभर खात होतो. फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठात किवा नावाचा एक उपक्रम तयार झाला, तो मारणाऱ्याकडे आणि मार खाणाऱ्याकडे बघतोच, पण जास्त भर देतो तो या बाकीच्या बघ्यांवर. हे वाचलं त्या रात्री मला तो मुलगा आठवला. त्याच्या डब्यात बहुतेक वेळा गूळ-चपाती असे. माझं 'ए' सुद्धा त्याच्या वाट्याला आलं नाही.

घरी निराळाच कारभार सुरू झाला. आपण काय केलंय याची धाकट्याला आठवड्याभरानं जाणीव झाली, आणि ज्याला पराक्रमाची किंमत कळते तो हप्ते बांधतो. सकाळी दूध आणायची पाळी कायमची माझी झाली. रविवारी सायकल त्याची. मामाच्या गावाला जाताना एस.टी.त खिडकी त्याची, जाताना आणि येतानासुद्धा. त्याचा निबंधाचा गृहपाठ मी करायचा. 'माझा आवडता भाऊ' या विषयावर मीच माझ्याबद्दल दोन पानं लिहिली आणि त्याला दहापैकी सात गुण मिळाले. मी कुरकूर केली की तो नुसतं "ए" म्हणायचा. बारीक आवाजात, मी म्हटलं होतं तसं.

आणि मूळ कारण, तो दोडका? त्याचं काय झालं ते ऐका. मी आईला हळूच म्हणालो, "आई, आता रोज दोडका नको." आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, धाकट्याला आवडत नाही म्हणून थोरला आपली आवड मारतोय. "किती रे समजूतदार," म्हणत तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम माझ्यासाठी भरला दोडका केला. ताटावर बसल्यावर धाकट्यानं ठिगळ लावलेल्या चड्डीकडे पाहिलं, मग ताटाकडे, मग माझ्याकडे. बुक्क्या खाऊन माणूस इतका खचत नाही.

धाकट्यानं थोरल्याला सावरायचं हे तसं आपल्याकडे नवं नाही. आळंदीची ती चार भावंडं, त्यांना संन्याशाची पोरं म्हणून सारं गाव हिणवायचं. एकदा ज्ञानदेव मनाला लागून घेऊन दार लावून बसले, अशी कथा आहे, आणि ते उघडायला लावलं ते सगळ्यांत धाकट्या मुक्ताबाईनं; त्यातून ताटीचे अभंग झाले. तिथं अभंग झाले, आमच्याकडे चड्डीला ठिगळ लागलं. ज्याच्या त्याच्या घराची रीत.

मात्र एक तक्रार आहे. आपल्याकडे बैलांना बेंदूर आहे, नागोबाला पंचमी आहे, बहिणीनं भावाला ओवाळायला भाऊबीज आहे, राखी आहे. भावानं भावासाठी करायचा एकही सण पंचांगात नाही. भावांवरून आपण शब्द काढला तो भाऊबंदकी, आणि खाडिलकरांनी १९०९ मध्ये त्या नावाचं नाटकही लिहिलं, त्यात पेशव्यांच्या घरचा खून आहे. बाकी काही नाही. त्यामुळे त्या शनिवारबद्दल मी धाकट्याचे आभार मानायला काही मुहूर्तच मिळाला नाही. पस्तीसहून जास्त वर्षं झाली. त्यानंही कधी मागितले नाहीत. हप्ते चालू आहेत, त्यात ते वळते होत असावेत.

आता मी पुण्याला असतो. आई साताऱ्यात धाकट्याकडे. तिला कमी ऐकू येतं, पण कुणाला काय आवडतं हे तिला पक्कं पाठ आहे. या दिवाळीत मी गेलो, तर दारातच धाकट्याची बायको हसत म्हणाली, "भाऊजी, आईंनी काल मला सकाळी सातला मंडईत पाठवलं." रात्री पानं मांडली. पातेल्यात दोडका होता, दाण्याचं कूट लावलेला. धाकट्यानं पातेलं स्वतःकडे ओढलं, आपल्या ताटात एक फोडही घेतली नाही, आणि माझ्या ताटात डावभर वाढून वर आणखी अर्धा डाव घातला. मी हात आडवा केला. "ए," तो म्हणाला.

मी सगळा खाल्ला.